पाणकोंबडीच्या बाजारातला बगळा

आईच्या ट्रंकेत एकदम तळाला, हिरव्या खणात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी हाताला लागलं आणि गाठ सुटायच्या आधीच कस्तुरीनं ते ओळखलं.

"पाणकोंबडीचा बाजार!" ती एवढ्यांदा ओरडली की खिडकीवरची चिमणी उडाली.

नेमू, तिचा सहा वर्षांचा पोरगा, उघड्या सुटकेसमध्ये पाय पसरून बसला होता. "कुठाय बाजार?"

"पुस्तक आहे रे. माझं. माझं सगळ्यात आवडतं पुस्तक!"

आई दिवाळीत गेली. तेव्हापासून सांगलीतलं हे घर बंद पडलं होतं आणि सुट्टी लागल्यावर कस्तुरी एकटी ते उपसायला बसली होती. एकटी, कारण तिचा मोठा भाऊ पारस आलाच नाही. कोचीच्या बंदरात क्रेनी उभ्या करतो म्हणे, लई मोठा साहेब. त्याचा निरोप आला होता, 'मला काही नको. तू ठेव.' एवढाच.

"दोन वाक्यं!" कस्तुरी तेव्हा फोनवर नाही, भिंतीवर ओरडली होती. "आईच्या सामानाला दोन वाक्यं! गर्विष्ठ मेला." त्या दिवसापासून तिनं त्याला फोन केला नव्हता. आधीही कुठं फार होत होता म्हणा. पारस सतराव्या वर्षी शिकायला म्हणून घराबाहेर पडला तो पडलाच. आला तर लॉजवर उतरायचा. जेवायचं सोडा, बूटसुद्धा काढायचा नाही.

कस्तुरीला राग यायला वेळ लागत नाही, हे सगळ्या सांगलीला माहीत आहे. ती ड्रायव्हिंग शिकवते. आता गाड्या आपल्या आपण चालतात, मग शिकवायचं काय, असं कुणी विचारलं की तिचं डोकं फिरतं. गाडी चालते हो, पण मध्येच तिला काही उमजेनासं झालं तर माणसानं ताबा घ्यायचा असतो. तो घेता आला पाहिजे म्हणून परीक्षा असते, आणि त्या परीक्षेसाठी लोक तिच्याकडं येतात. दिवसभर ती एकच ओरडत असते, "रस्त्यावर बघा! माझ्याकडं काय बघताय? रस्त्यावर!"

तिची ही शाळा आप्पामामांच्या वखारीच्या आवारात आहे. आप्पामामा म्हणजे आईचे सख्खे भाऊ. हळदीचे जुने व्यापारी. वडील गेल्यावर या घराला खांब लावला तो त्यांनी. कस्तुरीला शाळेसाठी जागा दिली, तिच्या लग्नात राबले, आईला अखेरपर्यंत दवाखान्यात नेलं-आणलं. आणि आता सुट्टीत नेमूला दुपारी सांभाळतो म्हणून तेच म्हणाले होते. नेमूचा बाप अभय समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला. महिना महिना घरी नाही. नेमू एकटा कुठं राहणार?

"दे माझ्याकडं," आप्पामामा म्हणाले होते. "पोरगं लई हट्टी झालंय. पारसला नाही का वळण लावलं मी? झाला का नाही साहेब?"

उद्यापासून दुपारी नेमू वखारीत जाणार, असं ठरलं होतं.

तर पुस्तक.

ज्यांनी ती पुस्तकं बघितली नाहीत त्यांना सांगावं लागेल. त्यांना डोळस पुस्तकं म्हणायचे. दिसायला जाड पुठ्ठ्याचं साधं चित्रांचं पुस्तक. फक्त वरच्या कडेला दोन कोपऱ्यांत दोन काळे चकचकीत डोळे, ज्वारीच्या दाण्याएवढे. पुस्तक वाचणाऱ्याकडं बघायचं. तुमची नजर चित्रात कुठं थांबते ते त्याला कळायचं, आणि जिथं थांबते तिथलं चित्र ते वाढवायचं. कुल्फीच्या गाड्याकडं टक लावून बघितलंत, तर दुसऱ्या दिवशी गाड्याला घंटी आलेली. परवा कुल्फीवर पिस्ते. जिकडं कुणी बघत नाही तिकडचं चित्र हळूहळू फिकं पडत जायचं. म्हणजे दुकानातनं सगळ्यांनी एकच पुस्तक आणायचं आणि वर्षभरानं कुणाचंच पुस्तक दुसऱ्यासारखं राहायचं नाही.

कस्तुरीचं पुस्तक कसं होतं ते तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. पाणकोंबडी छत्री घ्यायला बाजारात निघते. बाजारात बांगडीवाली खार, कुल्फीवाला बेडूक, फुगेवाला सरडा. आणि बांगड्या! काचेच्या, लाखेच्या, लाल, मोरपंखी, पानावर मावायच्या नाहीत एवढ्या. ते पुस्तक तिच्या नजरेनं वाढलेलं होतं. ती पाच वर्षांची, पारस अकराचा. पुस्तक धरायचा तो, कारण वाचता त्याला यायचं. ही त्याच्या डाव्या बाजूला दंडाला चिकटून बसायची आणि बोट दाखवायची. पुढं पुढं तो ते एकटाच घेऊन बसायला लागला, हिला दाखवायचा नाही. मग एक दिवस आईनं पुस्तक उचलून ठेवलं. "बिघडलं ते." कस्तुरी दोन दिवस रडली होती. पारसनंच काहीतरी करून बिघडवलं, असं तिनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

"दाखव ना," नेमू म्हणाला.

दोघं गॅलरीत आली. उन्हात पुस्तक ठेवलं की ते जागं होतं, त्याची वीज उन्हातनंच येते. कस्तुरीनं पहिलं पान उघडलं.

बांगड्या नव्हत्या.

खार होती, पण अशी, जशी जुन्या शर्टावरची छपाई धुऊन धुऊन उरते. बेडकाचा गाडा म्हणजे नुसती चाकाची रेघ. बाजार होता तिथं पांढरं धुकं. आणि कोपऱ्यात बाजाराचा चौकीदार, राखी बगळा, खाकी टोपी घातलेला. तेवढाच ठसठशीत.

तिनं पान उलटलं. बगळा मोठा झाला होता.

पुढच्या पानावर आणखी मोठा. त्याच्या पुढच्या पानावर त्याची टोपी चित्राबाहेर गेली होती. तिथून पुढं पानांत फक्त त्याचे पाय होते, बांबूसारखे, आणि कमरेला लटकलेला किल्ल्यांचा जुडगा. एकेक किल्ली अशी काढलेली की दाते मोजून घ्यावेत. कुठं गंज, कुठं घासून आलेली चमक. पायांच्या मध्ये खाली मिरीएवढा एक ठिपका. ती पाणकोंबडी.

"आई, ही गोष्ट बगळ्याची आहे का?"

"नाही रे. बगळा उगीच असतो. एका कोपऱ्यात." तिचा आवाज तिलाच वेगळा वाटला.

तेवढ्यात कागद शहारला. ऊन पोहोचलं होतं. कस्तुरी त्या किल्ल्यांकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत, अगदी सावकाश, जुडग्याच्या मागनं आणखी एका किल्लीचं टोक बाहेर आलं.

तिनं पुस्तक फाडकन मिटलं. मे महिन्याच्या उन्हात तिच्या दंडावर काटा आला होता.

*

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिनं नेमूला वखारीत सोडलं. आप्पामामा लिंबाखाली खुर्ची टाकून बसलेले. पोराच्या पाठीत प्रेमानं थाप मारून म्हणाले, "चल रे वाघा. जा तू, कस्तू, निवांत जा." दुपारचा शिकाऊ येणार नव्हता. तिनं पुस्तक काखेत मारलं आणि थेट जरीनाकडं गेली.

जरीना तिच्या वर्गातली. जुनी, कंपन्या बुडालेली यंत्रं दुरुस्त करायचं तिचं दुकान. लोक बोलकी घड्याळं आणतात, मेलेल्या आजोबांच्या आवाजात उत्तर देणारे फोन आणतात. जरीनाला कशाचंच नवल वाटत नाही.

"अगं बया! डोळस पुस्तक!" पण याचं तिला वाटलं. "कुठं मिळालं? ही आता बघायला मिळत नाहीत."

"बिघडलंय. सगळा बाजार सोडून एका बगळ्याला धरून बसलंय. नीट करून दे, नेमूला वाचून दाखवायचंय."

जरीनानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं, ऊन नको म्हणून. मग भिंग डोळ्याला लावून पानं चाळली. एक-दोनदा मागं गेली.

"बिघडलेलं नाहीये हे," ती म्हणाली. "हे असंच शिकलंय."

"म्हणजे?"

"यातली शाई म्हणजे बारीक बारीक फुगे असतात. केसाहून बारीक. प्रत्येकात रंगाची पूड. वीज दिली की पूड वर येते नाहीतर खाली जाते. आणि वीज गेली तरी जिथल्या तिथं राहते. म्हणून वीस-पंचवीस वर्षं ट्रंकेत पडून चित्र जसंच्या तसं. शेवटचं जे बघितलं गेलं ते तसंच गोठलेलं. कुणी बघितलं, कधी बघितलं, ते यात नसतं. नुसतं बघणं असतं."

"मग मी बगळ्याकडंच बघत होते म्हणतेस? मला बगळा आवडायचा?"

"आवडायचा असं कोण म्हणालं?"

जरीनानं भिंग खाली ठेवलं. "हे बघ. पुस्तकाला कसं कळणार पोराला काय आवडलं? त्याला दोनच गोष्टी दिसतात. नजर कुठं थांबली आणि डोळ्यातली बाहुली केवढी झाली. आवडीची वस्तू दिसली की बाहुली मोठी होते. तू अभयला पहिल्यांदा बघितलंस तेव्हा झाली असेल तशी."

"तेव्हा मी त्याला शिव्या घालत होते. त्यानं माझ्या गाडीला मागनं ठोकलं होतं."

"तेच सांगतेय. बाहुली आवडीनं मोठी होते, रागानं होते, आणि सगळ्यात जास्त होते भीतीनं. पुस्तकाला सगळं सारखंच. त्याला वाटतं, अरे वा, पोराला हे लई आवडलेलं दिसतंय, काढा मोठं. पोर आणखी घाबरतं. बाहुली आणखी मोठी. पुस्तक आणखी खूश. यामुळंच बंद पडली ही पुस्तकं. अंधाराला घाबरणाऱ्या पोरांच्या पुस्तकात पानापानातनं अंधार उगवायला लागला."

कस्तुरी हसली. जरा जास्तच जोरात. "मी आणि घाबरणार? चौथीत तुझी चप्पल विहिरीत पडली तेव्हा आत कोण उतरलं होतं?"

"तू. आणि वर येऊन मलाच हाणलंस."

"मग? मी कुणाला भ्यायले नाही कधी. बगळ्याला तर नाहीच."

"ते तुला माहीत. पण एक सांगते. उन्हात हे उघडू नकोस. बघशील तसं बदलत जाईल. तू बांगड्या शोधत बसलीस तर बांगड्या येतील आणि बगळा पुसला जाईल. ज्यानं बघितलं त्याचं बघणं पुसून जाईल." बोलता बोलता तिनं कापसाचा बोळा घेतला, कडेचे डोळे पुसायला. उजवा पुसला. डाव्यावर थांबली. "हा डोळा आंधळाय गं. काहीतरी काळं थापलंय यावर. काजळ वाटतंय."

आता कस्तुरीला खरंच हसू आलं. "तीट आहे ती! आईनं लावलेली."

"पुस्तकाला?"

"आमच्याकडं सगळ्याला लागायची. मिक्सर आणला, लाव तीट. स्कूटर आणली, लाव तीट. हे पुस्तक आलं तर ते सारखं माझ्याकडं टकामका बघतंय, पोरीला नजर लागेल, म्हणून आईनं दिव्याच्या काजळीचं बोट घेतलं आणि दिलं त्याच्या डोळ्यातच लावून. बाबा ओरडले, अगं महागाचं आहे. ती म्हणाली, माझ्या पोरीहून महाग?"

जरीना हसत नव्हती.

"दोन डोळे का असतात माहितेय ना?" तिनं विचारलं. "दोन पोरांनी मिळून वाचायचं म्हणून. डावीकडच्या पोराला डावा डोळा बघतो, उजवीकडच्याला उजवा. तू कुठल्या बाजूला बसायचीस?"

"डाव्या."

"मग या पुस्तकानं तुला कधी बघितलंच नाही, कस्तुरे."

शटरखालनं रस्त्यावरच्या माणसांचे पाय दिसत होते. येणारे, जाणारे. कस्तुरी त्यांच्याकडं बघत राहिली. खार, बेडूक, काचेच्या बांगड्या. ते कंपनीनंच काढून पाठवलेलं होतं. सगळ्यांच्या पुस्तकात होतं. तिच्या नजरेनं एक बांगडी वाढली नव्हती.

"उजव्या बाजूला कोण बसायचं?"

"दादा."

जरीनानं पुस्तक तिच्याकडं फिरवलं. "मग त्याचं हे. आणि हे बघ. मला मघापासून खटकतंय. बगळ्याचं तोंड बघ."

तोंड नव्हतंच. टोपीखाली एक रेघ, तीही पुसट. एवढा मोठा बगळा, पिसन् पीस काढलेला, आणि तोंडाच्या जागी कोरं. पोरानं मान वर करून त्याच्याकडं एकदाही बघितलं नव्हतं. ज्याच्यासमोर मान खाली घालून उभं राहावं लागतं त्याचं काय दिसतं? पाय दिसतात. कंबर दिसते. कमरेला काय आहे ते दिसतं.

कस्तुरीनं किल्ल्यांकडं बघितलं. सांगलीतली सगळी कुलपं बोटाच्या ठशावर गेली तरी एक माणूस अजून कमरेला जुडगा लावून फिरतो. चालला की वाजतो. लहानपणी ती त्या आवाजाकडं धावत जायची, कारण त्या माणसाच्या खिशात तिच्यासाठी लिमलेटच्या गोळ्या असायच्या.

"जरीना, किती वाजले?"

उत्तर ऐकायला ती थांबली नाही.

*

गाडी तिनं स्वतः हाकली. वखारीच्या फाटकातनं आत शिरताना तिच्याच शाळेचा बोर्ड आरशाला घासला.

आप्पामामा खुर्चीत तसेच. हमाल दोघं पोत्यांना टेकून चहा पीत होते. आणि वखारीच्या पायरीवर नेमू बसला होता. गुडघे जवळ घेऊन. केसांत, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर हळद. रडलेला नव्हता. बोलतही नव्हता. एरवी तिला बघून फाटकापर्यंत पळत येणारा पोरगा तिच्याकडं बघत बसला, जसं एखाद्या दुकानाकडं बघावं.

"आलीस? लवकर आलीस," आप्पामामा म्हणाले. "चहा घे."

"याला आत कोंडलंत?"

"कोंडलं कशाला म्हणतेस? बसवला जरा. तांब्या लवंडला, चूक झाली म्हण म्हटलं तर म्हणेना. तुझ्यावर गेलाय. पण पठ्ठ्या रडला नाही हां."

"दादाला पण असंच बसवायचात?"

ती ओरडली नव्हती. आप्पामामांनी त्यामुळंच तिच्याकडं नीट बघितलं असावं. त्यांचा हात जुडग्यावर गेला. सवयीनं, दुसरं काही नाही.

"पारसला? त्याला तर लई वेळा. तो काय साधा होता का? दिवस दिवस बसवायला लागायचं. म्हणून तर सुधारला. आज कुठल्या कुठं पोचलाय."

लपवणं नाही, मान खाली घालणं नाही. एखाद्यानं मी याला पोहायला शिकवलं म्हणावं तसं. कस्तुरीला वाटलं होतं ते नाही म्हणतील. नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं.

"आईला माहीत होतं?"

"माहीत होतं म्हणजे? तीच तर आणून सोडायची. तुझे वडील गेले, घरात पुरुष माणूस नाही, पोरगं हातचं जाईल ही तिला धास्ती. म्हणायची, आप्पा, याला नीट कर."

"आणि मला? मला का नाही कधी?"

"तुला कशाला?" आप्पामामांना खरंच प्रश्न कळला नव्हता. "तू पोरगी. आणि तुझ्या आईनं मला पहिल्याच दिवशी बजावलेलं, माझ्या कस्तुरीला नखसुद्धा लावायचं नाही."

कस्तुरीच्या डोळ्यांपुढं आई आली. समईजवळ बसलेली, बोटावर काजळी घेतलेली. एका लेकराला तीट आणि दुसऱ्याला वखार. त्याच हातानं. आणि तोच हात नंतर केव्हातरी ते पुस्तक चाळतो, बगळ्यापाशी थांबतो, आणि ते चुलीतही घालत नाही, कुणाला देतही नाही. खणात गुंडाळतो आणि सगळ्याच्या खाली ठेवून देतो. आईला दिसलं होतं की काय? दिसल्यावर तिनं दुसऱ्या दिवशी पारसला पुन्हा वखारीत आणलं होतं की नव्हतं? हे आता कुणाला विचारायचं?

तिनं नेमूला उचललं. सहा वर्षांचं पोर, जड. त्यानं तिच्या गळ्यात हात घातले नाहीत.

"माझ्या गाड्या उद्या नेते इथनं," ती म्हणाली.

"काय?"

"गाड्या. शाळा. सगळं."

"एवढ्याशावरनं?" आप्पामामा उठले. किल्ल्या वाजल्या, आणि तिच्या कडेवर नेमूचं अंग लाकडासारखं झालं. "अगं पोरी, तुमच्या घरासाठी मी काय नाही केलं? कुठं जाशील? कोण जागा देईल तुला? लोक काय म्हणतील?"

"मामा," ती म्हणाली, "तुम्ही बसा खाली. चालू नका. तुम्ही चाललात की ते वाजतं."

आप्पामामा उभेच राहिले. हमालांनी चहाचे कप खाली ठेवले होते आणि दोघंही दुसरीकडं बघत होते.

*

गाडीत बसल्यावर तिनं स्टिअरिंगला हात लावला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिनं गाडीला सांगितलं, "तू चालव. कुठंही ने." गाडीनं आपल्या मनानं त्यांना कृष्णेच्या काठाला आणलं आणि एका बाभळीच्या सावलीत उभी केली. पुस्तक मागच्या सीटवर पालथं पडलं होतं.

नेमू समोरच्या काचेतनं नदीकडं बघत होता. तिनं ओढणीनं त्याचे कान पुसले. हळद निघाली नाही. हळद निघते कुठं अशी?

तिनं पारसला फोन लावला. पहिल्यांदा वाजून वाजून बंद पडला. दुसऱ्यांदा उचलला.

"बोल." मागं यंत्रांचा गोंगाट.

"दादा, आईच्या ट्रंकेत पाणकोंबडीचा बाजार सापडलं."

गोंगाटात एक दार उघडल्याचा आवाज आला, मग वारा ऐकू यायला लागला. तो बाहेर मोकळ्यावर आला होता.

"बगळा आहे अजून त्यात?"

"आहे. पान भरून."

"आणि किल्ल्या?"

"आहेत."

"मला वाटायला लागलं होतं की मीच मनानं रचलंय," पारस म्हणाला. "म्हणजे एवढं काही झालंच नसेल. सगळे म्हणायचे ना, एवढं काय झालंय. म्हणजे कुणीतरी बघितलं होतं तर."

"पुस्तकानं."

"हां. पुस्तकानं तरी." तो हसला की काय ते कळलं नाही. "कुणाला दाखवू नकोस ते. नेमूला तर नकोच. राहू दे जसं आहे तसं."

"दादा, मी तुला काय काय बोलले..."

"नेमू कुठाय?"

"इथंच आहे. माझ्याजवळ." पुढचं तिला सांगायचं नव्हतं. पण सांगायला तर पाहिजे होतं. "मी आज दुपारी त्याला वखारीत सोडलं होतं."

नुसता वारा.

आणि तेव्हा नेमू बोलला. नदीकडं बघतच.

"आई, नवरदेव म्हणजे काय असतं?"

"का रे?"

"आप्पाआजोबांनी दार उघडलं आणि म्हणाले, बघा बघा, हळद लागली. नवरदेव झाला. मग सगळे हसले."

कस्तुरीला आठवलं. संध्याकाळी दारात उभा असलेला पारस. डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. आणि घरातले सगळे पोट धरून, आला आला, नवरदेव आला! आई तांब्याभर पाणी घेऊन हसत पुढं, आणि ती, पाच वर्षांची, टाळ्या पिटत त्याच्याभोवती गोल गोल. तिच्या स्वतःच्या हळदीला हाच पारस मांडवाबाहेर गल्लीत उभा राहिला होता. आत आलाच नाही. गाडीला टेकून उभा होता, रुमाल नाकाला लावून. ती चारचौघांत म्हणाली होती, बघा, साहेबांना आमच्या हळदीचा वास येतो.

"फोन स्पीकरवर आहे?" पारसनं विचारलं. आवाज आता जवळ आला होता, जणू तोंड फोनला टेकवलंय.

"आहे."

"नेमू."

नेमूनं फोनकडं बघितलं. "तुम्ही पारसमामा ना? क्रेनवाले?"

"हो. पण मामा नको म्हणू मला. नुसतं पारस म्हण."

नेमूनं आईकडं बघितलं. मोठ्या माणसाला नावानं हाक मारली की आई रागावते. आई रागावली नाही. तिनं मान हलवली.

"पारस," त्यानं म्हणून बघितलं. आणि थोड्या वेळानं, "पारस, तिथं आत नाकात जातं सगळं."

"माहितेय. डोळे पण चुरचुरतात."

"हां!" नेमू पहिल्यांदा सीटवर नीट वळून बसला. "आणि दाराच्या खालनं उजेड येतो ना, तिथं तोंड लावलं की..."

"की जरा बरं वाटतं. डाव्या कोपऱ्यात फट मोठी आहे."

"मी उजव्या कोपऱ्यात होतो."

"मला कुणी सांगितलंच नव्हतं रे, की तुला नेलंय. मला आधी माहीत असतं तर मी आलो असतो," पारस म्हणाला. "आता येतोच आहे. उद्या सकाळपर्यंत. तोवर सांग मला. पहिल्यापासून सांग. मी कुठं जात नाही."

नेमूनं दोन्ही हातांनी फोन धरला आणि सांगायला सुरुवात केली.